अर्धलीच्या कोंबड्या

मीनाबाई पहिल्यांदा नजरेत भरली ती शाळेच्या व्हरांड्यात, उकिडवी बसून भात वेचताना. मधली सुट्टी संपली होती. मुलांच्या ताटांतून सांडलेली खिचडी ती झाडूने लोटत नव्हती, हाताने गोळा करून जुन्या टॉवेलच्या तुकड्यात बांधत होती. महापालिकेच्या त्या शाळेत मावशी म्हणून ती नुकतीच लागली होती. मुख्याध्यापक जाता जाता सहज थांबले.

"काय बांधताय, मावशी?"

ती ताडकन उभी राहिली. गाठ सोडून तिने सगळा भात त्यांच्यापुढे उघडा धरला. "सांडलेलाच हाय सर. कोंबड्यांला न्हेऊ का? न्हाय म्हटलासा तर टाकते."

सर हसले आणि न्या म्हणाले. त्यानंतर ती रोज भात न्यायची, आणि नेण्याआधी ऑफिसच्या दारात उभी राहून गाठोडं वर करून दाखवायची. आत कोणी बघो न बघो. शिक्षिका थट्टेने म्हणायच्या, मावशींची सलामी झाली, आता शाळा सुटायला हरकत नाही.

त्या कोंबड्या तिच्या नव्हत्या, हे पुष्कळ उशिरा कळलं. त्या लालबीच्या होत्या.

होटगी रस्त्याच्या अलीकडे, रुळाच्या कडेला त्यांची वस्ती. मीनाबाई आणि लालबीची दारं समोरासमोर. लालबी दहाबारा वर्षांनी मोठी, म्हणून मीनाबाई तिला आपा म्हणायची. मीनाबाईची चैताली जन्मली तेव्हा नवरा हरिदास रेल्वेच्या गँगमध्ये कामावर अडकलेला. रिक्षा बोलावून, रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली ती लालबी. अशा गोष्टी दोघी कधी बोलून दाखवत नसत. लालबीचा मुलगा गुफरान लग्नाचा झाला, तेव्हा परसात त्याच्यासाठी खोली बांधावी लागली आणि कोंबड्यांना जागा उरली नाही. लालबीने त्या विकल्या नाहीत. माहेरून लग्नात आलेल्या कोंबडीची ती पोरं-नातवंडं होती. एका संध्याकाळी तिने दोन डालग्यांत भरून त्या समोर आणून ठेवल्या.

"अर्धलीनं सांभाळ गे मीना. कोंबडी माझी, राखण तुझी. अंडं, पिल्लू अर्धं अर्धं."

अर्धलीचा व्यवहार असा तोंडीच असतो. त्याला साक्षीदार लागत नाही, पण त्याचे रिवाज असतात. कोंबडी मेली तर राखणारीने ती मालकिणीला दाखवायची. मुंगसाने नेली तर निदान पिसं दाखवायची. मीनाबाईने प्रत्येक वेळी दाखवली होती. एकदा कुत्र्याने ओढून नेलेल्या कोंबडीचा नुसता पाय सापडला, तर तो कागदात गुंडाळून ती लालबीच्या ओट्यावर गेली होती. लालबी ओरडली, "अगं फेक की ते! मैं मागितली काय?" पण तिने पाय बघितला होता, आणि मीनाबाईला बरं वाटलं होतं.

त्या कुत्र्यापासूनच सगळं सुरू झालं, असं आता म्हणता येतं. परक्याची चीज आपल्या हातून गेली याचा मीनाबाईने फार धसका घेतला. शाळेतून दुपारी आली की ती कोंबड्या लगेच खुराड्यात कोंडायची, आणि सकाळी उन्हं चांगली वर आल्याशिवाय, हातात काठी घेऊन स्वतः उभी राहिल्याशिवाय सोडायची नाही. खुराड्याच्या फटी तिने पोत्याने बुजवल्या. कुत्रा पुन्हा आला नाही. मात्र दिवाळी झाली आणि अंडी कमी झाली, आणि थंडी पडेपर्यंत पार थांबली.

पहिल्यांदा तिने लालबीला सरळ सांगितलं. "आपा, या आठवड्यात न्हाईत बगा."

"होतं की," लालबी म्हणाली. "त्यांना बी दम खाऊ दे."

पुढच्या आठवड्यातही तेच. त्याच्या पुढच्याही. मीनाबाई रिकाम्या हाताने ओट्यावर गेली की लालबी मान हलवायची, पण ती मान प्रत्येक वेळी थोडी कमी हलते आहे, असं मीनाबाईला वाटायला लागलं.

तिने काय केलं नाही? अंड्याची टरफलं वाटून खायला घातली. ज्वारी भिजवून घातली. आपल्या भाकरीतली अर्धी भाकरी चुरली. कोणी म्हणालं, चोरून घालत असतील, तर रुळाकडेच्या बाभळीत हातपाय ओरबाडून घेत शोधलं. कोणी म्हणालं, धामण खात असेल, तर खुराड्यापुढे राख पसरली. राखेवर कोंबड्यांच्या पायांशिवाय काही उमटलं नाही. कोणी म्हणालं नजर लागली, तर तिचा विश्वास नव्हता, तरी मीठमोहरी ओवाळून टाकली. कोंबड्या मात्र कोपऱ्यात अंग चोरून बसायच्या. मानेवरची पिसं झडलेली, तुरे फिके, वाळक्या मिरचीसारखे सुरकुतलेले.

हरिदास रेल्वेतून निवृत्त झाला होता आणि रुळांवरच्या हातोड्याने त्याचे कान निम्मे गेले होते. तो खाटेवरून म्हणाला, "रिटायर झाल्यात त्या, माझ्यासारख्या. पेन्शन चालू कर त्यांची."

"तुमाला चेष्टा सुचती. आपा काय म्हणंल?"

"आपाला काय दिसत न्हाय व्हय? बोलव, दाखव."

"दाखवू काय? मेलेली कोंबडी दाखवता येती. न घातलेलं अंडं कसं दाखवू?"

हरिदासने खाटेवर कूस बदलली. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

आणि याच थंडीत तिच्या भावाच्या मुलाने, प्रभुने, आसरा चौकाकडे अंडाबुर्जीची गाडी लावली. तो आपला ट्रेमधली पांढरी अंडी आणून परतून विकायचा. त्याचं आणि आत्याच्या कोंबड्यांचं देणंघेणं नव्हतं. पण वस्तीला दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी आपोआप दिसते. किराणा दुकानदार कल्लप्पा सुट्टे पैसे परत करताना म्हणाला, "काय मीनाक्का, भाच्यानं गाडी लावली म्हणं. माल घरचाच काय?"

तो चेष्टेचाच माणूस. मीनाबाईही हसली. पण पाणी आलं त्या दिवशी, नळावर सगळ्या बायका असताना, लालबीच म्हणाली, "मीनाच्या घरात मुर्ग्या उपास करतात, आणि प्रभुच्या तव्यावर ईद!"

बायका खिदळल्या. लालबीही हसली, तिच्या मनात काही नसावं. मीनाबाईची घागर भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही.

त्या मंगळवारी ती बाजारात गेली. टोपलीत भुसा घालून एक माणूस गावरान अंडी विकत होता. अंडी जरा जास्तच एकसारखी होती. तिच्या हातांना ते कळलं, मनाने ऐकलं नाही. विकणारा आईची शपथ घेत होता. तिने अंडी घेतली, घरी येऊन पदराआड लपवली आणि सांजेला लालबीच्या ओट्यावर गेली.

"आल्या आपा. सुरू झाल्या."

लालबीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिने अंडी हाताने चाचपली, गालाला लावून बघितली आणि असा चेहरा फुलवला, की मीनाबाईला वाटलं, ह्या एका चेहऱ्यासाठी आणखी दहा वेळा बाजारात जावं. "मैं बोली नव्हते? दम खाऊ दे म्हणून? माझ्या आईच्या घरच्या मुर्ग्या आहेत त्या, नमकहराम नाहीत!"

त्या संध्याकाळी मीनाबाईला भाकरी गेली नाही. तिने आयुष्यात कोणाला फसवलं नव्हतं, आणि ज्या बाईला फसवू नये तिलाच आज फसवलं होतं. खरं अंडं आलं की थांबवायचं, असं तिने ठरवलं. तेवढ्यासाठी ती एक दिवस शाळेतून रजा काढून, पिशवीत कोंबडी घालून, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी कोंबडीचं पोट दाबून बघितलं, पंख उघडले.

"आजार नाही काही. दिवस लहान झालेत, पिसं बदलतायत. सोडता कधी, कोंडता कधी?"

तिने सांगितलं.

"मग काय होणार? उजेड मिळाल्याशिवाय कोंबडी अंडं धरत नाही, मावशी. तुम्ही दिवस आणखी निम्मा करून टाकलात. सकाळी लवकर मोकळ्या सोडा, पोती काढा. संक्रांतीच्या पुढं येतील आपोआप."

म्हणजे तिच्या काळजीनेच कोंबड्या आटल्या होत्या. परतताना रिक्षात तिने पिशवीतल्या कोंबडीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला रडू आलं. पण बरंही वाटलं. आता सांगण्यासारखं कारण होतं, डॉक्टरांचं होतं. घरी पोचली की सरळ आपाकडे जायचं आणि सगळं बोलून टाकायचं, असं मनाशी म्हणत ती उतरली.

लालबी ओट्यावर फोनवर मोठ्याने बोलत होती. पलीकडे करकंबला दिलेली मुलगी, यास्मीन. "हौ, गुफरान निघाला सकाळीच. अंडे भुशात ठेवून दिलेत. खुडूक आहे ना तुझी मुर्गी? मग बसव आजच अंड्यांवर. आणि तुझ्या सासूला सांग, ही आमच्या घरची जात आहे. बाजारातली नाही!" मीनाबाईला बघून तिने फोनवर हात ठेवला आणि डोळे मिचकावले. "मी खाल्ली नाहीत गे अंडी. सगळी साठवली यास्मीनसाठी. तिची सास रोज बोलते, माहेरून काय आणलंस म्हणून. आता पिल्लं निघाली की बोल म्हणावं."

 पिशवीतली कोंबडी फडफडली.

"हिला कुटं फिरवतीस?" लालबीने विचारलं.

"दवाखान्यात न्हेलती. पाय दुखत हुता तिचा."

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

अंडं उबून पिल्लू यायला तीन आठवडे लागतात. ते आठवडे मीनाबाईने कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. शाळेत ती एकाच तासाची घंटा दोनदा द्यायची. लालबी नव्या अंड्यांचं विचारत नव्हती, तिचं सगळं लक्ष करकंबकडे होतं. मीनाबाई रोज ठरवायची, आज सांगू. रोज लालबीच्या दारात काहीतरी असायचं, गुफरानची बायको, पाहुणे, नाहीतर लालबीचाच हसरा चेहरा. हरिदासला तिने एकदा सगळं सांगितलं. तो हात कानामागे धरून ऐकत राहिला आणि म्हणाला, "आजच जा. आज पाय धरलेस तर शिव्या देईल. पिल्लं न्हाय निघाली म्हंजी शिव्या बी देणार न्हाय."

"एखादं तरी निघंल की. त्यो माणूस शपथ घेत हुता."

"तू स्वतः कोंबड्या राखल्यास. तुला म्हाईत न्हाय?"

तिला माहीत होतं. बाजारातल्या त्या अंड्यांनी कोंबडा बघितला नसणार, हे तिला भुशातून अंडी उचलली त्या क्षणीच माहीत होतं. तरी ती रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एका तरी पिल्लासाठी जीव टांगून असायची. एकच निघावं, वाटलं तर लंगडं निघावं.

इकडे तिने पोती काढली होती, पहाटे उजाडताच कोंबड्या मोकळ्या सोडत होती आणि शेजारच्या अंगणापर्यंत मागेमागे फिरत होती. नवी पिसं आली. तुरे हळूहळू भरायला लागले. एरवी तिने ते बघून ओळखलं असतं. पण त्या दिवसांत कोंबड्यांकडे बघताना तिला फक्त करकंब दिसत होतं.

संक्रांत होऊन गेली आणि गुफरान करकंबहून आला. सांजेला त्याने मीनाबाईला हाक मारली. ओट्यावर लालबी बसली होती, पुढे भुशाचा डबा. एकही अंडं फुटलं नव्हतं. गुफरानने ओल्या फडक्याने एक अंडं पुसलं. तपकिरी रंग फडक्यावर उतरला आणि खालून पांढरं टरफल निघालं.

"चहाच्या पाण्यात रंगवलेली आहेत मौशी," तो खाली बघत म्हणाला. "यास्मीनच्या सासूनंच पुसून दाखवलं. सगळ्या घरासमोर."

लालबीचा आवाज चढला नाही. "मीना, हे काय गे?"

मीनाबाई तिथेच पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. बाजार, टोपली, शपथ, दवाखाना. एक शब्द लपवला नाही. तिला वाटलं, आता पोटातलं सगळं बाहेर आलं, आता आपा हाणेल, रागवेल आणि मग संपेल.

लालबीने भुशातली अंडी एकेक करून चाचपली. "बरं. हे बाजारातले. मग आपले कुटं गेले?"

"घातलीच न्हाईत आपा."

"घातली नाहीत तर तसंच सांगायचं होतं."

"सांगितलं की. दर आठवड्याला सांगितलं. तुमी नळावर..."

"नळावर मी हसले, म्हणून तू मला रंगवलेले अंडे दिलीस?" लालबीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "जी बाई कोंबडीचा पाय कागदात बांधून आणते, ती अशी करेल काय गे? कारण असल्याबिगर? लोक प्रभुच्या गाडीचं बोलतात तर मी भांडले त्यांच्याशी. मी भांडले!"

हे मात्र मीनाबाईला माहीत नव्हतं.  आता कोणताही शब्द पुरणार नव्हता. तिचे शब्द तिनेच खर्चून टाकले होते. डॉक्टरांचं नाव घेतलं तर तेही तिच्याच तोंडून येणार. मग तिला एक गोष्ट सुचली, जी कोंबड्या राखणाऱ्या कोणत्याही बाईला सुचली असती. अंड्यावर असलेली, म्हणजे अंडी घालणारी कोंबडी कापली तर तिच्या पोटात लहानमोठ्या पिवळ्या बलकांची माळ सापडते. आटलेल्या कोंबडीत सापडतात ते नुसते मोहरीएवढे दाणे.

"कापून बघा आपा," ती म्हणाली. "गुफरान, काप. माळ न्हाय आत. तुमच्या डोळ्यांनी बघा, हातानं बघा. मग तर खरं वाटंल?"

लालबी नको म्हणत होती. माहेरची जात, तिला कापवत नव्हतं. पण मीनाबाई हट्टाला पेटली होती. तिने खुराड्याचं दार उघडलं. आत दोन मरतुकड्या होत्या, अजून पिसं झडलेल्या. त्यांतली काढली तर म्हणतील, मेलेलीच दिली. आपाची चीज आपाला द्यायची तर चांगलीच द्यायची. तिने सगळ्यांत देखणी, भरल्या अंगाची, नव्या पिसांनी चमकणारी कोंबडी हेरली आणि धरून आणली. तुरा लालभडक होता. तिने तो बघितला आणि तरीही बघितला नाही.

गुफरानने अल्लाचं नाव घेऊन कोंबडी कापली, सोलली आणि आईपुढे ताटात ठेवली. लालबीला कमी दिसायचं, म्हणून तिने बोटांनी शोधलं. तिची बोटं थांबली.

माळ होती. सुपारीएवढे, बोराएवढे, वाटाण्याएवढे बलक एकाला एक लागून. आणि खाली, वाटेवर, टरफल धरलेलं एक पूर्ण अंडं. गुफरानने ते काढून ताटात ठेवलं.

मीनाबाईला एका क्षणात सगळं कळलं. पहाटेचा उजेड, भरलेले तुरे, डॉक्टरांचं संक्रांतीचं बोलणं. कोंबड्या आत्ता, याच आठवड्यात अंड्यावर आल्या होत्या. हे अंडं उद्या सकाळी खुराड्यात सापडलं असतं. "आत्ता आल्यात आपा," ती म्हणाली. "आत्ताच. आईशपथ. त्या दुसऱ्या बगा, ती मरतुकडी कापा, तिच्यात न्हाय..."

"किती कापू, मीना?" लालबी म्हणाली. "तू खरी निघेपर्यंत सगळ्या कापू काय?"

गुफरान उठून आत गेला. मागच्या रुळावरून मालगाडी धडधडत गेली. मग लालबीने ताटातलं अंडं पदराला पुसून मीनाबाईपुढे धरलं.

"घे. अर्धं अर्धं करायचं तर फोडावं लागेल. तूच ने."

मीनाबाईने ते घेतलं नाही. घेतलं तर अंडी लपवल्याची कबुली होती, आणि न घेताही ती कबुलीच ठरली. तिने लालबीचे पाय धरले. लालबीने ते ओढून घेतले नाहीत, फक्त ताट हातात घेतलं आणि म्हणाली, "ऊठ. हात खराब होतील."

हरिदास दुसऱ्या सकाळी स्वतः गेला. तो ओट्यावर उभा राहून, आपल्यालाच ऐकू यावं एवढ्या मोठ्याने, बायको खोटी नाही असं सांगत राहिला. लालबीने त्याला चहा दिला. "दादा, बसा," एवढंच म्हणाली. त्याच दिवशी गुफरानने टेम्पोत दोन डालगी ठेवली आणि उरलेल्या कोंबड्या यास्मीनकडे करकंबला पोचवल्या. चढवताना एक हातातून सुटली आणि सरळ मीनाबाईच्या खुराड्यात शिरली. मीनाबाईनेच ती धरून आणून दिली.

कुजबुज फार दिवस चालली नाही. वस्तीला दुसरे विषय मिळतात. प्रभुने गाडी चौकातून हलवून स्टेशनकडे नेली. कल्लप्पाने चेष्टा सोडली आणि मीनाबाईशी जरा जास्तच अदबीने बोलायला लागला. तिला ती अदब चेष्टेपेक्षा जड गेली.

मीनाबाई अजून त्याच घरात राहते आणि त्याच शाळेत मावशी आहे. सांडलेला भात ती आता झाडूने लोटते. रमजान ईदला समोरून शीरखुर्म्याचा डबा येतो. तो गुफरान आणून देतो. डबा घासून, पुसून ती त्याच्याच हाती परत देते.